उंटाला घालायची हाक

झोमार्तनं माझ्या दोन्ही स्की बाकावर उलट्या टाकल्या आणि मेण लावायचं सोडून त्यांच्या मागच्या टोकांवरून अंगठा फिरवत बसला. खोलीत मेणाचा आणि इस्त्रीचा धूर कोंदला होता. मी दाराला टेकून गुडघ्याला मलम चोळत होते.

"आपाय, जरा इकडे या. हे काय आहे?"

"स्की आहेत."

"पाय गेलेत माझे, डोळे नाही. हे घाव कसले, ते विचारतोय."

झोमार्त आमच्या संघातला बसून स्की करणारा. शिशाच्या खाणीत त्याचे दोन्ही पाय गेले. हात मात्र असे पक्के की संघातल्या सगळ्यांच्या स्कींना मेण लावायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलंय. त्या बदल्यात आम्हाला वाटेल ते बोलायचा हक्कही त्यानं आपणहूनच घेतलाय.

मी वाकून पाहिलं. डाव्या स्कीच्या शेपटाला चार, उजव्याला पाच. बारीक, तिरके, उंदरानं कुरतडल्यासारखे.

"दगड लागला असेल."

"दगड मागून येत नाहीत, आपाय." त्यानं आवाज खाली आणला. "पोरगी तुमच्या टाचा चावतेय. तुम्ही म्हणता ती पाच किलोमीटर अठरा मिनिटं वीस सेकंदांत येते. मग पुढे तुम्ही असताना तिची टोकं तुमच्या शेपटांवर आपटतात कशी? खरं सांगा, अठरा वीसला येतंय कोण?"

"मेण लाव झोमार्त. परवा चाचणी आहे."

"लावतो की. पण मेणानं वय जात नाही," तो म्हणाला आणि इस्त्री उचलली.

पोरगी म्हणजे कामशात. जन्मापासून तिला दिसत नाही. मी तिची वाटाड्या. मी पुढे, माझ्या कमरेला लाऊडस्पीकर, मागे ती, डोळ्यांवर काळा गॉगल. तिला हात लावायचा नाही, ओढायचं नाही, थांबून धीर द्यायचा नाही. पुढे राहायचं आणि बोलत राहायचं, एवढंच काम. बोलणं मला कधी जड गेलं नाही, माझ्या नवऱ्याला विचारा. मेख आहे ती पुढे राहण्यात. बारा वर्षं मी पुढे राहिले. ती पंधरा वर्षांची होती, अंधशाळेत, आणि मी तिथे कवायत शिकवत होते; तेव्हापासून मी सगळ्यांची आपाय, म्हणजे बाई. आता ती सत्तावीसची आहे. मी एकोणपन्नासची, आणि माझे गुडघे माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आहेत.

सुरुवातीला मी तिला पुस्तकात असतं तसं सांगायची. डावीकडे, उजवीकडे, चढ, उतार. ती नीट ऐकायची आणि नीट पडायची. मग एकदा एका लांब चढावर माझाच दम संपला. डोक्यात एकही शब्द उरला नाही आणि तोंडातून आईची हाक निघाली, ती उंटांना घालायची ती. कोस-कोस, कोस-कोस. मागून पोरगी एका लयीत सरळ वर आली. कामशातही माळावरचीच. ज्या मुलाला दिसत नाही ते ऐकण्यावरच वाढतं, आणि तिच्या कानावर पडलं ते सगळं जनावरांना घातलेल्या हाकांमधलं. त्या दिवसापासून आमचं ठरून गेलं. चढाला उंटाची हाक. उताराला घोड्यांची, कुराव-कुराव. वळणाला शेळ्यांची, शोरे-शोरे, डावीकडे एकदा आणि उजवीकडे दोनदा. परदेशात इतर संघ आम्हाला गुराखी म्हणतात. एका नॉर्वेच्या प्रशिक्षकानं वही काढून अगदी अदबीनं विचारलं होतं, की ही कुठली पद्धत. आमच्या प्रशिक्षकानं, व्हिक्टर गेन्रिखोविचनं, चेहरा न हलवता सांगितलं, "फार जुनी."

तर घाव. घावांचं सांगायचं तर घड्याळाचं सांगावं लागेल.

कामशातला घड्याळ दिसत नाही. पाच किलोमीटर झाले की ती बर्फावर काठ्या रोवते आणि विचारते, "किती?" मी मनगटाकडे बघून वाचते. साडेअकरा वर्षं मी जे दिसलं तेच वाचलं. डिसेंबरात एक दिवस माझ्या अंगात ताप होता. घड्याळात एकोणीस चौदा दिसले. पोरगी त्या दिवशी इतकी सुंदर चालली होती, की मागून तिचा एकसुद्धा चुकीचा ठोका ऐकू आला नव्हता. गाडी अडत होती ती माझ्यापाशी. मी म्हणाले, "अठरा पन्नास."

चोवीस सेकंदांचं खोटं. तापात माणूस याहून मोठं बरळतं. पण दुसऱ्या दिवशी ताप उतरला तरी घड्याळ तिथंच होतं. आदल्या दिवशीपेक्षा वेळ वाढली असं कसं सांगायचं? म्हणून पुन्हा थोडं कमी केलं. जानेवारी संपत आला तेव्हा माझ्या तोंडात ती अठरा वीसला पोचली होती आणि माझ्या मनगटावर एकोणीस पाचला. व्हिक्टर गेन्रिखोविचचा दिवस बसून स्की करणाऱ्यांमध्ये जायचा. तो मला विचारायचा, मी त्यालाही तेच सांगायची, आणि तो मान हलवायचा. बारा वर्षांच्या ओळखीत माणूस मान हलवतोच.

आता शनिवारी चाचणी होती. पाच किलोमीटर, अठरा मिनिटं तीस सेकंदांच्या आत. आत आली तर कामशात मार्चमध्ये पॅरालिम्पिकला जाणार, नाही आली तर नाही. आणि त्या दिवशी घड्याळ माझ्या हातात असणार नव्हतं.

गुरुवार हा हमामात, वाफेच्या न्हाणीघरात, बायकांचा वार. स्वयंपाकीणबाई लवकर उरकून गेल्या होत्या. कामशात वरच्या फळीवर पालथी पडली होती, गालात कुर्तची, सुकवलेल्या दह्याची, खारट गोळी धरून. वाफेत कुर्त खाणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत. मी भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी पाण्यात बुडवून तिच्या पाठीवर मारत होते. खांदे कसले झालेत तिचे. अशा खांद्यांच्या पुढे मी धापा टाकत चालते याची मला तिथे, अंगावर कपडा नसताना, फार लाज वाटली.

"कामशात, एक सांगायचंय. घड्याळाचं."

"माहितीय."

जुडी माझ्या हातातच राहिली. "काय माहितीय?"

"तुम्ही खरं वाचता तेव्हा विचारल्या विचारल्या वाचता. खोटं वाचायच्या आधी एक श्वास घेता." तिनं गोळी या गालातून त्या गालात नेली. "डिसेंबरपासून रोज श्वास."

मी खालच्या फळीवर बसले.

"आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात, की माझी टोकं तुम्हाला लागतात म्हणून? मी काठ्या अर्ध्याच रेटते, आपाय. महिना झाला. तुमचा श्वास पुढे शिट्टीसारखा वाजायला लागला की मी हात आखडते. तरी कधीकधी लागतंच."

"मूर्ख आहेस."

"बारा वर्षं एकाच बाईकडे शिकले."

मी उठून जुडीचा एक सणसणीत फटका दिला. ती हसली, मग हसायची थांबली.

"मला दुसरं कुणी नको," ती म्हणाली. "तुमचं पित्ताचं ऑपरेशन झालं तेव्हा तो दुसरा वाटाड्या आला होता, आठवतं? उतारावर म्हणाला, डावीकडे. किती डावीकडे, केव्हा डावीकडे? बातम्या वाचल्यासारखं. गळपट्टीचं हाड अजून थंडीत दुखतं माझं."

"म्हणून माझ्यामागे येऊन हरायचं? हरायचंच तर घरी बसूनही हरता येतं. इतक्या लांब येऊन खानावळीतला दलिया कशाला खायचा?"

तापल्या दगडांवर पाणी चुरचुरत होतं.

"मला जायचंय, आपाय," ती फळीत तोंड खुपसून म्हणाली. "मला इतकं जायचंय, की त्याबद्दल बोललं तरी छातीत दुखतं. म्हणून तर बोलत नाही."

"बरं," मी म्हणाले. "उठ आता, माझं शिंगरू. फार तापलीस."

व्हिक्टर गेन्रिखोविचला राग आला की तो ओरडत नाही, चष्मा पुसतो. शुक्रवारी सकाळी मी सगळं सांगून होईपर्यंत त्याच्या चष्म्याला भोक पडायची वेळ आली होती.

"डिसेंबर," तो म्हणाला.

"हो."

"डिसेंबरात बोलली असतीस, तर हाताशी दीड महिना होता. आज एक दिवस आहे, नाझिपा."

"माहितीय."

"माहितीय म्हणे." त्यानं चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा काढला. "मी तुला विचारत होतो ना? रोज विचारत होतो. स्वतः जाऊन एकदा उभा राहिलो असतो तर मला काय झालं असतं!" मग खिडकीकडे बघून म्हणाला, "तायसियाला बोलाव."

तायसिया गावातलीच. गेल्या वर्षापर्यंत बंदूक पाठीवर घेऊन स्की करणाऱ्यांच्या संघात होती. पळायची वाऱ्यासारखी. नेम असा, की पाचातल्या तीन गोळ्या झाडांना. शेवटी झाडांवर दया करून तिनं ते सोडलं. एकवीस वर्षांची, गोरी, नाकावर उन्हानं सोललेली कातडी. माझ्या जागी काय करायचंय ते ऐकून तिनं "हो" म्हटलं, आणि मग घाबरली. हे बरं लक्षण होतं. आधी घाबरून मग हो म्हणणारी माणसं उतारावर थांबतात.

शेळ्या तिला तासाभरात जमल्या. घोड्यांना थोडा वेळ लागला.

"आपाय, ही वळणावर घोडे सोडतेय," कामशात मागून ओरडायची. "मी दरीत गेले तर माझी कुर्तची पिशवी झोमार्तला देऊ नका!"

पण उंट काही येईना.

"कोस-कोस," तायसिया म्हणाली.

"उंटाला विनंती अर्ज देतेस का? पुन्हा."

"कोस-कोस!"

"आता कोंबड्यांना दाणे टाकतेस."

"आपाय, मी जन्मात उंट जवळून बघितला नाही," ती रडकुंडीला आली. "मी इथली. इथे अस्वलं आहेत."

"मग ऐक. उंट थुंकतो. त्याला चढायचं नाहीये. तुलाही नाहीये. सकाळपासून तू चालतेयस, पायात गोळे आलेत आणि पाणी त्या टेकडीपलीकडे आहे. तू त्याच्यावर रागावलेली नाहीस, रागवायलाही अंगात जोर हवा. तू त्याला सांगतेयस की चल बाबा, मी पण चालतेच आहे. हं, म्हण."

तिनं म्हटलं. शब्द बरोबर, लय बरोबर, आणि उंट जागचा हलला नसता. माझ्या लक्षात आलं, की या हाकेला थकवा लागतो. ही पोर दुपारी चौथ्यांदा चढ चढून आली होती आणि तिचे गाल सफरचंदासारखे होते. तिनं थकवा आणायचा कुठून? माझ्याकडे पोत्यानं होता, पण देता येत नव्हता.

"चालेल," कामशात म्हणाली. तेव्हा तिनंही आधी एक श्वास घेतला.

शनिवारी उणे चौदा होतं. आकाश मोकळं, बर्फातल्या चाकोऱ्या काचेसारख्या. व्हिक्टर गेन्रिखोविचनं घड्याळ गळ्यातून काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"तू धर."

"मी?"

"तूच. मी शेजारी उभा राहून बघणार आहे."

मला वाटलं होतं, तो ओरडला असता तर बरं. हे ओरडण्यापेक्षाही वाईट होतं. मी मिटन काढून घड्याळ उघड्या बोटांत धरलं.

त्या दोघी सुटल्या आणि मला बारा वर्षांत पहिल्यांदा कामशात समोरून दिसली. समोरून म्हणजे बाजूनं, पण तुम्ही समजून घ्या. मी तिला कायम मागेच ऐकलं होतं. ती एवढी खाली वाकते, काठ्या एवढ्या लांब मागे टाकते, हे मला माहीतच नव्हतं. ती उडत होती. अर्ध्याच नाही, सबंध हातांनी रेटत होती.

अडीच किलोमीटरची पहिली फेरी नऊ मिनिटं आठ सेकंद. झोमार्त आपल्या बसायच्या स्कीवरून माझ्याशेजारी येऊन थांबला होता. त्यानं शीळ घातली. "सात सेकंद हातात आहेत, आपाय."

"गप्प बस."

दुसऱ्या फेरीत त्या पाइनच्या झाडांमागे गेल्या. लाऊडस्पीकर ऐकू येत होता. शोरे-शोरे, छान. कुराव-कुराव, आणि स्कींचा तो सुळ्ळकन खाली येणारा आवाज, अगदी छान. मग शेवटचा चढ. तो अंतिम रेषेवरून दिसतो, सगळाच्या सगळा.

"कोस-कोस! कोस-कोस! कोस-कोस!"

जोरात, आनंदात, भरभर. तायसियाला वेळ चांगली चाललीय हे कळलं होतं, आणि ते तिच्या आवाजात मावत नव्हतं. कामशातनं त्या आवाजामागे धावायचा प्रयत्न केला. चढावर धावतात का कुणी? चौथ्या पावलाला लय मोडली, एक काठी दुसरीत अडकली, डावी स्की चाकोरीबाहेर गेली आणि ती एका गुडघ्यावर आली.

माझं तोंड उघडलं होतं. बाहेरून कुणी एक अक्षर बोललं तर स्पर्धक बाद, हे मीच इतरांना ओरडून सांगत आले होते. मी मिटन दातांत धरलं.

"चावा," झोमार्त पुटपुटला. "चावा, पण बोलू नका."

वर तायसिया थांबली होती. मागे वळून बघत होती. मग ती काहीतरी बोलली, खूप हळू, आमच्यापर्यंत पोचलं नाही. कामशातनं पाय चाकोरीत परत टाकला आणि त्या चढल्या. शेवटच्या सपाटीवर मला फक्त खांदे दिसत होते. मी बटण दाबलं.

कामशात रेषेपलीकडे कुशीवर पडली. तोंडातून वाफेचे लोट निघत होते. तायसिया तिच्याशेजारी चार पायांवर होती. व्हिक्टर गेन्रिखोविच माझ्या खांद्यावरून घड्याळाकडे बघत होता.

"आपाय," कामशात म्हणाली. "किती?"

"अठरा चौतीस."

तिनं गॉगल वर केला. डोळे मिटलेलेच होते, पापण्यांवर दव गोठलं होतं.

"श्वास नाही घेतलात," ती म्हणाली.

"नाही."

"चार सेकंद." तिनं हातानं बर्फ चाचपला, मुठीत घेतला, सोडला. "पुढचं चार वर्षांनी. सेकंदाला एक वर्ष पडलं. महाग आहे."

व्हिक्टर गेन्रिखोविचनं चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "नियम मी केलेला नाही, कामशात," तो म्हणाला. "मी केला असता तर..." तो बसून स्की करणाऱ्यांकडे निघून गेला.

आता तायसियाच्या नाकातून, डोळ्यांतून सगळीकडून पाणी वाहत होतं. "माझ्यामुळे. आपाय, माझ्यामुळे झालं. मी ओरडत सुटले."

"एका दिवसात एकतीस सेकंद कमी केलेस तू," मी म्हणाले. "कुणामुळे झालं ते माझ्या मनगटावरच्या घड्याळाला विचार. डिसेंबरपासून त्याला माहितीय."

मी वाट बघत होते की कामशात काहीतरी म्हणेल. जाऊ द्या आपाय, असं काहीतरी. ती म्हणाली नाही. आणि मला तिचं बरोबर वाटलं. ती उठून बसली, तिनं नाक शिंकरलं आणि तायसियाच्या दिशेनं हात केला. "वर काय म्हणालीस गं मला? पडले तेव्हा?"

"मी म्हटलं, कामशात, मला पण दम लागलाय."

"हं." कामशातनं तिचा कोपर चाचपून धरला. "तिथून पुढे बरोबर होतं."

आमच्या तळावर जायचा रस्ता चढाचा आहे. झोमार्तला गाडीनं नेलं. कामशात तायसियाच्या कोपराला धरून पुढे निघाली. बारा वर्षं तो कोपर माझा असायचा. मी मागून तिच्या स्की, काठ्या, लाऊडस्पीकर असं सगळं खांद्यावर घेऊन येत होते, जत्रेतून परतलेल्या बाईसारखी. गळ्यात घड्याळ. ते अजून अठरा चौतीसवर थांबलेलं होतं, पुसायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खानावळीतून तळणाचा वास येत होता, म्हणजे कुणीतरी बावर्साक, पिठाचे फुगीर गोळे, तळून ठेवले होते. जिंकल्यावर खायचे म्हणून केलेले. आता तेच खायचे.

पहिल्या वळणाशी गुडघा म्हणाला, पुरे. मी थांबले. पुढच्या दोघींची पावलं करकरत दूर जात होती. मी हाक मारणार नव्हते. काय म्हणून मारायची?

पावलं थांबली. कामशातनं मान वळवली नाही, तिला वळवायचं कारणही नसतं. ती नुसती कान देऊन उभी राहिली. मग खालच्या पट्टीत, सावकाश, सकाळपासून चाललेल्या बाईच्या आवाजात तिची हाक आली.

"कोस-कोस. कोस-कोस."

"अशी होय?" तायसियानं विचारलं.

"अशी."

मी स्की दुसऱ्या खांद्यावर घेतल्या आणि चढायला लागले.